सव्वा रुपयाची गाठ

हे मी रचलेलं नाही. तेवढं डोकं असतं तर उचगावात पिठाची गिरणी चालवत बसलो नसतो.

वेळ रात्रीची नव्हती. अमावास्या नव्हती, पिंपळ नव्हता, वाटेत कुणी पांढऱ्या साडीतली बाई भेटली नाही. गेल्या फेब्रुवारीतला एक मंगळवार. दुपारचे तीन. बाहेर टळटळीत ऊन.

मी सयाजी. गिरणी पुढं, घर मागं. घरात मी, बायको संयोगिता आणि पाचवीतली पोरगी तेजस्वी. आई, अंबूबाई, दोन वर्षांपूर्वी वारली.

सांगताना मी रडत वगैरे नाही. सुरुवातीला रडलो. आता दाताला सुई दिल्यावर गाल जसा होतो, तसं झालंय सगळं. हात लावला तर हात लागलाय एवढं कळतं.

तर ऐका.

मला चिल्लरीचा नाद होता.

गिरणीत दिवसभर सुट्टे पैसे येतात. दोन-तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. 'तुमच्या खिशातलं हे नाणं तुम्हाला लखपती करेल.' झालं! त्या दिवसापासून गल्ल्यातलं एकेक नाणं उलटंपालटं करायला लागलो. साल बघायचं. सालाखालचं बारीक चिन्ह बघायचं, ठिपका हाय का चौकट. छाप घसरलेला, आकडा दोनदा उठलेला, असलं काही सापडलं की बाजूला. भिंगसुद्धा घेतलं.

संयोगिता लई चेष्टा करायची.

"अवो लखपती, गिऱ्हाईक दळण घेऊन उभं हाय. भिंगातनं वर बघा जरा."

एकदा फोनवर एकानं माझ्या पाच रुपयाच्या नाण्याचे चार लाख देतो म्हणून 'रजिस्ट्रेशन'चे अठराशे रुपये काढून घेतले. नंतर फोन बंद. ते तिनं मला महिनाभर ऐकवलं. भाकरी थापताना मधेच आठवायचं आणि एकटीच हसत सुटायची.

महाद्वार रोडला जयपाल अण्णांचं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. मागच्या टेबलावर जुन्या नाण्यांचा धंदा. माणूस सरळ. माझी शंभर नाणी बघून त्यातलं एखादं घ्यायचे, पन्नास-साठ रुपये द्यायचे. लखपती वगैरे सगळं बंडल हाय, हे मला त्यांनीच सांगितलं. तरी नाद काही सुटला नाही.

आता त्या मंगळवारचं.

दुपारची सुट्टी, त्यात लाईट गेलेली. गिरणी गप्प. संयोगिता बचत गटाच्या बायकांत गेलती, पोरगी शाळेत. गल्ल्यातली चिल्लर दोनदा बघून झाली होती. बसल्या बसल्या मला आईच्या डब्याची आठवण झाली.

देव्हाऱ्याखालच्या खणात आईचा पत्र्याचा डबा होता. ती गेल्यावर कुणी उघडला नव्हता. आत तीन गाठी होत्या, हळदीत बुडवलेल्या फडक्याच्या. आमच्याकडं घरातलं माणूस दुखण्यात पडलं की त्याच्यावरनं सव्वा रुपया ओवाळतात, देवाचं नाव घेतात आणि गाठ मारून ठेवतात. माणूस बरं झालं की तो सव्वा रुपया देवाला पोचवायचा. एक रुपया आणि वर चार आणे. चार आणे बाजारातनं कधीच गेले, पण देव्हाऱ्यात अजून निघतात.

कुठली गाठ कुणाची, मला माहीत नव्हतं. विचारायला आई नव्हती.

पहिली सोडली. साधा रुपया. परत बांधली.

दुसरी सोडली...

जुना, जाड रुपया. दाराच्या उजेडाला धरला. सिंहांचा छाप अर्धा बाहेर घसरलेला, एका बाजूला कोरी जागा सुटलेली. असलं नाणं मी व्हिडिओतच बघितलं होतं.

भिंग घ्यायला वळलो. रुपया निसटला आणि शहाबादी फरशीवर पडला.

आवाज आला नाही.

फरशीवर रुपया पडला की केवढा खणखणतो, तुम्हाला माहीत आहे. हा पडला, दोनदा उडाला, गोल फिरला, आडवा झाला... आणि घरात काहीच वाजलं नाही. मी म्हटलं, जात्याच्या घरघरीनं कान बसले असतील.

मग मी काय केलं ते सांगतो. गल्ल्यातला एक साधा रुपया आणला, चार आण्यांशेजारी ठेवला, गाठ मारली आणि डबा होता तिथं सारला. चोरी केली असं मनातसुद्धा आलं नाही. रुपयाच्या जागी रुपया ठेवला की! देव काय भिंग घेऊन बसलाय?

जयपाल अण्णांनी नाणं दहा मिनिटं भिंगाखाली फिरवलं. साडेसहा हजार मोजून दिले.

त्यात पदरचे दोन हजार घातले आणि गुजरीत सोनाराकडं जाऊन संयोगितासाठी चांदीचे पैंजण घेतले. बारीकच, पण घुंगरांचे. सोनारानं हलवून दाखवले. छान वाजले.

लग्नाला तेरा वर्षं झाली. तिनं न मागता मी काही आणलं ते हे पहिलंच. ती लाजली. पैंजण घालून स्वयंपाकघरातनं पुढच्या खोलीपर्यंत चालून दाखवलं.

मी तिच्या पायांकडं बघत होतो. घुंगरं हलत होती.

आवाज नव्हता.

"सोनारानं फसवलं," मी म्हणालो. "वाजत न्हाईत की."

"काय तर बोलू नका. गल्लीला ऐकू जात असतील."

"मम्मी, लई भारी वाजतायत," तेजस्वी म्हणाली.

मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी तिच्या बांगड्यांचा आवाज गेला.

तिसऱ्या दिवशी भाकरीचा आवाज. परातीत हात पडतोय, पीठ उडतंय, भाकरी मोठी होतीय... आणि थाप ऐकू येत नाही. शेजारी तेजस्वीनं पाण्याचा तांब्या ठेवला, तो मात्र खणकन वाजला.

मग तिची पावलं. ती मागनं येऊन उभी राहायची आणि मला पत्ताच नसायचा. मग खोकला. मग तिनं घासायला घेतलेली भांडी.

फक्त तिचेच आवाज. बाकी जगाचं सगळं ऐकू येत होतं. हायवेचे ट्रक, शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, गोठ्यातलं रेडकू.

बोलणं अजून येत होतं. पण बंद दाराच्या पलीकडनं बोलल्यासारखं.

आणि दहाव्या दिवशी, दुपारी तीनला...

गिरणीत नाणं वाजलं.

टण्ण.

गिरणी बंद होती. एक ते चार बंदच असते. किल्ली माझ्या खिशात.

टण्ण... जरा वेळ काहीच नाही... टण्ण.

तो आवाज मला लहानपणापासून माहीत होता. आई कपिलतीर्थच्या मंडईत तीस वर्षं भाजी घेऊन बसायची. पुढ्यात एक काळा दगड. गिऱ्हाइकानं दिलेलं प्रत्येक नाणं ती दगडावर टाकायची, कान द्यायची, मगच पिशवीत सोडायची. खोटं नाणं तिला डोळ्यांनी नाही, कानांनी कळायचं. ती गेल्यावर तो दगड मी गिरणीत आणून ठेवला होता.

कुलूप काढलं.

आत कुणी नाही.

गल्ला उघडा. सगळी चिल्लर दगडाभोवती मांडलेली. पाच-पाचच्या चवडी. आणि प्रत्येक चवडीतलं वरचं नाणं जरा तिरकं... तपासून झालेली चवड आई तशीच ठेवायची.

नाण्यांना हळद लागली होती. आदल्या दिवशी मी हळद दळली होती. तेव्हा ती कुठली हळद, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी परत. तीनला. तिसऱ्या दिवशी परत. रोजचा गल्ला रोज तपासला जात होता. भीती वाटली का? खरं सांगू? आईची भीती कशी वाटणार. पण ती काय शोधतीय हे मला कळत होतं.

पाचव्या दिवशी मी बाहेर उभा राहून बोललो.

"आई, शोधू नको. मी घेतलाय त्यो. मीच इकलाय."

नाणं वाजायचं थांबलं.

मग परत सुरू झालं. टण्ण टण्ण टण्ण टण्ण. न थांबता. घाईघाईनं.

मी तसाच मोटारसायकल काढून धोंडुबाई मावशीकडं गेलो. मावशी म्हणजे आईच्या शेजारी भाजी घेऊन बसणारी, सख्ख्या बहिणीसारखी. आता शिवाजी पेठेत लेकीकडं असते.

"मावशी, आईच्या डब्यात तीन गाठी हाईत. कुणाकुणाच्या त्या?"

"का रं? सोडलास काय?"

"सांग की."

"एक तुझी, तुला कावीळ झालती तवाची. एक नातीची. आणि जुन्या जाड रुपयाची असंल बघ, ती सुनेची. अंबूच्या पहिल्या दिवसाच्या कमाईतला रुपया त्यो. कुणाला हात लावू द्यायची न्हाय."

"सुनेची कशापायी?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय? तेजूच्या येळंला. पोर झालं आणि ही थंडगार पडली. तू रक्ताच्या बाटलीसाठी पळत हुतास. डॉक्टरीण भाईर यून म्हणली, आम्ही हाका मारतोय पण ती ओ देत न्हाय. अंबू आत घुसली. सुनेवरनं रुपया ओवाळला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून गाठ मारली. म्हणली, दत्त महाराज, हिचा आवाज तेवढा येऊ दे. हिला घेऊन वाडीला येईन, ह्योच रुपया तुमच्या पायावर घालीन. अर्ध्या तासानं आतनं हाक आली. पाणी मागितलं पोरीनं."

"मग घातला का न्हाय?"

"तूच न्हेलं न्हाईस की रं."

खरं होतं. आई म्हणायची, सयाजी, एकदा सुनेला घेऊन वाडीला जाऊया. मी म्हणायचो, आता चटणीचा सीझन हाय. मग पावसाळा. मग दिवाळीची भाजणी. नृसिंहवाडी आमच्यापासनं किती लांब? मोटारसायकलवर दीड तास. मग आईचे गुडघे गेले. मग आई गेली. कशासाठी जायचं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

तिथनं तसाच महाद्वार रोडला. जयपाल अण्णांनी मला बघितलं आणि चेहरा पाडला.

"या सयाजीराव. मी तुमाला फोनच करणार हुतो. पण म्हटलं जाऊ दे, वळखीचा माणूस."

"अण्णा, ते नाणं परत पायजे. पैसे दुप्पट देतो."

"नाणं? खोटं नाणं दिलंसा तुम्ही मला. छाप बघून मीबी फसलो. दुसऱ्या दिवशी काचेवर टाकून बघितलं. आवाजच न्हाय त्याला! शिसं असंल न्हायतर काय."

"कुठाय ते?"

"खणात टाकलंतं. शनवारी मी बस्तीत दर्शनाला गेलतो, केतन दुकानात हुता. पोरगं माझं, त्याला काय ठावं? सुट्ट्यात दिलं कुणाला तरी."

"कुणाला?"

"सयाजीराव, महाद्वार रोड हाय ह्यो. शनवारी किती माणूस येतंय?"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरनं माणसं जात होती, अंबाबाईला जाणारी, येणारी. प्रत्येकाच्या खिशात चिल्लर.

अण्णांनी पाणी आणून दिलं. पैसे परत घेतले नाहीत. म्हणाले, तुमची तब्येत बरी दिसत न्हाय.

मी एक शेवटचा उपाय केला. गुरुवारी संयोगिताला मागं बसवलं आणि वाडीला नेलं. गाठीत बदलून ठेवलेला रुपया आणि चार आणे महाराजांच्या पायावर ठेवायला दिले. चुकलो म्हणालो. नाक घासलं. येताना घाटाच्या पायऱ्यांवर ती थांबली, नदीकडं हात केला आणि माझ्याकडं वळून काहीतरी बोलली.

ओठ हलले.

आवाज आला नाही.

त्या दिवसापासून तिचं बोलणंही गेलं. एक शब्द ऐकू येत नाही मला. हसणं दिसतं. दात दिसतात, खांदे हलतात.

तिला वाटलं, गिरणीनं माझे कान गेले. कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासलं. कान एकदम चांगले. डॉक्टर म्हणाले, "बायकोचंच तेवढं ऐकू येत नाही? मग अर्ध्या कोल्हापूरला हाच आजार आहे." सगळे हसले.

संयोगिता हसली नाही. मी मुद्दाम सोंग करतोय असं तिला वाटलं. त्यावर तिनं अबोला धरला. तेजस्वीनं सांगितलं म्हणून मला कळलं.

आता ती माझ्याशी फोनवर लिहून बोलते. समोर बसून. 'जेवलाय का' असं लिहिते आणि फोन माझ्या ताटाशेजारी ठेवते.

मी काय केलं ते तिला सांगितलेलं नाही. पायातले पैंजण ती रोज घालते. कशाच्या पैशातले, विचारलंही नाही कधी तिनं.

मी चिल्लर गोळा करतो. शहरभर. पानपट्ट्या, चहाच्या गाड्या, रिक्षावाले, देवळांपुढचे हारवाले. नोटा देतो आणि सुट्टे घेतो. उलट लोक खूश होतात. "सयाजीदा, लखपती व्हायलाय काय?" म्हणून विचारतात. मी हो म्हणतो. मला आता साल बघावं लागत नाही, चिन्ह बघावं लागत नाही. भिंग माळ्यावर टाकलं. आईचा दगड पुढ्यात घेतो आणि एकेक नाणं टाकतो.

टण्ण.

वाजलं की बाजूला. मला न वाजणारं पाहिजे.

सकाळी मी बघतो. दुपारी तीनला ती बघते. तिच्या चवडी तिरक्या, माझ्या सरळ. असं चार महिने चाललं. त्याची सवय झाली होती. तीन वाजले की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. निदान दोघं मिळून शोधत होतो.

आठ दिवस झाले, ते थांबलंय.

चिल्लर जिथं ठेवतो तिथंच असते. तीन वाजतात, सव्वातीन वाजतात. कुलूप काढून बघतो, दगडावर पिठाचा पातळ थर असतो. आईला तो सापडला, की तिनं शोधायचं सोडलं, मला माहीत नाही.

तुमच्याकडं कधी सुट्ट्यात एखादा जुना, जाड रुपया आला, तर टाकून बघा. पडलेला वाजला नाही, तर उचगावात येऊन गिरणी विचारा. कुणीही सांगेल. काय मागाल ते देतो.

कालचं सांगतो आणि थांबतो.

संध्याकाळचे सहा. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. तेजस्वी जमिनीवर वही घेऊन. स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता आली आणि पोरीला हाक मारली. तिच्या ओठांवरनं मला आता बरंच कळतं. 'तेजू.'

तेजस्वी लिहीत होती.

परत ओठ हलले. 'तेजू, ये.'

तेजस्वी लिहीत होती.

मी म्हणालो, "तेजू, मम्मी हाक मारतीया."

"कुठाय?" तिनं वहीतनं मान वर न करता विचारलं. "मम्मी आली व्हय भाईरनं?"

संयोगिता दिवसभर घरातच होती.

तिनं माझ्याकडं बघितलं. पोरीकडं बघितलं. मग ओट्यावरची पितळी परात दोन्ही हातांनी उचलली आणि जोरात फरशीवर आपटली. परात उडाली. भिंतीला लागली. गोल गोल फिरत पोरीच्या मागं येऊन थांबली.

तेजस्वीनं पान उलटलं.

संयोगिता तिथंच उभी राहिली. मग फोन घेतला, काहीतरी लिहिलं आणि येऊन माझ्या हातात दिला. तिची बोटं थंडगार होती.

'तुम्हाला म्हाईत हाय ना हे काय हाय?'

फोन अजून माझ्याकडंच आहे. उत्तर लिहिलेलं नाही.